लोआरा स्टँडिशच्या सॅम्पलरचं किट: मागची बाजूही भरणार असाल तर जरूर घ्या

सॅम्पलर म्हणजे टाके आणि नक्षी शिकताना भरलेलं नमुन्याचं कापड. अमेरिकेत भरलेल्या सॅम्पलरांपैकी आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं सॅम्पलर लोआरा स्टँडिशचं. 1620 साली इंग्लंडहून वसाहत करायला मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या कॅप्टन माइल्स स्टँडिशची ही लेक, प्लिमथ वसाहतीत वाढलेली. काम 1653च्या सुमाराचं मानतात. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथच्या पिलग्रिम हॉल म्युझियममध्ये ते जपलेलं आहे. लिननची लांबट, अरुंद पट्टी, त्यावर रेशमानं भरलेल्या नक्षीच्या ओळी, आणि 'लोआरा स्टँडिश माझं नाव' अशी सुरू होणारी प्रार्थना. त्यावर बेतलेलं किट मी नुकतंच भरून पूर्ण केलं. मूळच्या मोजक्याच ओळी त्यात घेतल्या आहेत, पण प्रार्थना पूर्ण आहे.

कापड अप्रतिम. इंचाला 36 धागे, वीण एकसारखी, खळ नाही, त्यामुळे दिव्याखाली धागे सहज मोजता येतात. रेशीमही चांगलं आहे. फक्त एका वेळी हातभराहून लांब दोरा घेऊ नका, कापडातून ये-जा करताना त्याची चमक जाते आणि तुसं निघतात. सुई बोथट टोकाची दिली आहे, ती तशीच हवी. टोकदार सुई धाग्यांच्या मधून न जाता धागाच चिरते.

माझी खरी तक्रार चार्टबद्दल, म्हणजे टाके मोजून भरायच्या आराखड्याबद्दल आहे. त्यात फक्त पुढची बाजू दाखवली आहे आणि सूचनेत 'कुठल्याही क्रमानं भरा' एवढंच लिहिलंय. हे मला अजिबात पटलं नाही. सतराव्या शतकात असं सॅम्पलर भिंतीवर लावायला करत नसत. ते गुंडाळून ठेवायचं आणि नक्षी हवी असेल तेव्हा उलगडून बघायचं. मुलीची नक्षीवहीच ती. चौकटीत बसवायची, घरं-झाडं काढलेली चौकोनी सॅम्पलरं पुढच्या शतकात जास्त दिसू लागली. पट्टीवर शिकलेली नक्षी घरातल्या कापडांवर, कपड्यांवर उतरायची, आणि तिथे उलटी बाजूही नजरेला पडायची. म्हणून त्या काळच्या अशा पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा दुहेरी धावदोरा इतका आढळतो. कसुती हे कर्नाटकातलं भरतकाम करणाऱ्यांना हा टाका नवा नाही, त्यातली गवंती म्हणजे हाच.

किटमधल्या वेलीच्या ओळीवर तो असा घातला. जाताना एक टाका आड एक मोकळी जागा सोडायची, परत येताना त्या जागा भरायच्या. फाटा आला की आधी फाट्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं आणि मगच मुख्य वेल पुढे न्यायची. फाटा मागे राहिला तर तिथे पोचायला उलट बाजूनं लांब दोरा ओढावा लागतो आणि मागची नक्षी बिघडते. परतीला सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगानं काढून पुढच्या टाक्याच्या खालच्या अंगानं घातली की रेघ सरळ येते, नाहीतर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते. गाठ कुठेच नको, दोऱ्याचं शेपूट टाक्यांखालून फिरवून लपवायचं. हे एवढं एक पान पुस्तिकेत असतं तर किटची किंमत मी आनंदानं दुप्पट दिली असती.

रंग आज विटलेले दिसतात तसे दिले आहेत. त्या काळी हिरवा बहुधा निळ्यावर पिवळा चढवून करत. पिवळा उडतो, नीळ टिकते, म्हणून जुन्या रेशमातली पानं निळसर दिसतात. मुलीनं भरताना ती निळी नव्हती. मी पानांसाठी गवती हिरव्याची लडी वेगळी आणली आणि ओळ एकदम ताजी झाली.

पुस्तिकेत वडिलांच्या लढायांना दीड पान आहे, लोआराला तीन ओळी. याचं वाईट वाटलं. तिच्या प्रार्थनेत मन देवाच्या इच्छेनं चालावं असं मागणं आहे, तसंच हातांत कसब भरावं असंही आहे. सुई धरणाऱ्या कुणालाही ते कळेल. 1656 साली कॅप्टन स्टँडिश वारला तेव्हा ती आधीच गेली होती. डक्सबरीत, म्हणजे राहत्या गावी, मरण आलं तर मला लेक लोरा (लोआराच ही) आणि सून मेरी यांच्या शक्य तितकं जवळ पुरा, असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं होतं. पुस्तिकेत हे यायलाच हवं होतं.

नुसता फुलीचा टाका येत असेल तर या किटनं सुरुवात करू नका. आधी उरल्यासुरल्या लिननवर एक फाट्याची वेल दोन्ही बाजूंनी जमवा. ज्यांना ती जमते त्यांनी बेलाशक घ्यावं, आणि प्रार्थनेची अक्षरं भरण्याआधी ओळीचा मध्य कच्च्या दोऱ्यानं आखून घ्यावा, कारण चार्टवर तो दाखवलेला नाही.