जुन्या प्लेटा मागवून घेणारे धंतोलीतील सीटी स्कॅन केंद्र

नागपूरच्या धंतोलीतील या केंद्रात मी गेल्या डिसेंबरमध्ये छातीची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करून घेतली. तपासणी चांगली झाली एवढेच लिहायचे असते, तर दोन ओळी पुरल्या असत्या. परंतु ज्या आजाराचा सात वर्षे पत्ता लागला नाही तो येथे कसा सापडला, हे सांगितल्याशिवाय केंद्राचे गुण आणि दोष दोन्ही नीट कळणार नाहीत.

माझे वय ३८. पहिला न्यूमोनिया एकतिसाव्या वर्षी झाला, डाव्या बाजूला, अगदी खाली. औषधांनी तो दहा दिवसांत बरा झाला. पुढे आणखी दोनदा तसाच ताप, तसाच पिवळा बेडका आणि पाठीत डावीकडे तीच कळ आली. तिसऱ्या खेपेला बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तेव्हा एका डॉक्टरांनी साधा सीटी स्कॅन करवला, कागदावर 'कॉक्स' (डॉक्टरी भाषेत क्षय) असे लिहिले आणि सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू केली. थुंकीची तपासणी आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) ही दोन्ही निगेटिव्ह होती. आपल्याकडे खोकला आणि रक्त म्हटले की आधी क्षयच डोळ्यांसमोर येतो, आणि तो यावाही, त्यामुळे त्या शंकेला मी दोष देत नाही. मात्र मोठ्या वयात पुन्हा डोके वर काढणारा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, आणि माझा डाग तर दर वेळी त्याच जागी, तळाशी होता. ही गोष्ट कोणालाच खटकली नाही, याची चुटपुट मला आजही आहे. सहा महिने लघवी नारंगी होत राहिली आणि घरात माझा पेला वेगळा ठेवला गेला. कोर्स संपून तीन महिने होतात न होतात तोच चौथा न्यूमोनिया झाला. त्या वेळी गाठलेल्या रामदासपेठेतील छातीरोगतज्ज्ञांनी सीटी अँजिओग्राफी लिहून दिली आणि साधा सीटी पुन्हा करू नका, असे बजावले.

वेळ घेण्यासाठी फोन केला तेव्हा स्वागतकक्षातील मुलीने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट आणायला आणि चार तास उपाशी राहायला सांगितले, ते सगळीकडेच सांगतात. त्यापुढे ती म्हणाली, "जितक्या जुन्या प्लेटा असतील तितक्या सगळ्या घेऊन या." आजवर कोणीही असे सांगितले नव्हते. सीताबर्डीतील एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत सात वर्षांच्या प्लेटा कोंबून मी गेले.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडक्यात लिहिते. कोपराजवळच्या शिरेत जाड सुई लावतात, कारण आयोडीनयुक्त औषध यंत्राने वेगाने सोडायचे असते. औषध आत जाताच घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट उतरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. तसे काही होत नाही, केवळ भास असतो. तंत्रज्ञाने हे आधीच समजावून सांगितल्यामुळे मी घाबरले नाही. त्याने मला 'काकू' म्हटले, तेवढे मात्र मी त्याला माफ केलेले नाही.

या केंद्राचे खरे मोल कळले ते त्यानंतर. रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला आत बोलावले तेव्हा माझ्या प्लेटा प्रकाशाच्या पेटीवर तारखेनुसार ओळीने लावलेल्या होत्या. एक प्लेट उलटी लागली होती. हृदयाची सावली उजवीकडे दिसताच बाईंनी ती उपटून सुलटी केली आणि मग पेनाच्या टोपणाने एकेका प्लेटेवर त्याच ठिकाणी टेकवत गेल्या. हृदयाच्या सावलीमागे, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या किंचित वर, चारही प्लेटांत पांढरा ठिपका तसूभरही हललेला नव्हता. "न्यूमोनिया दर वेळी नवा झाला असता, तर तो दर वेळी याच खोलीत का आला असता?" असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पाठीच्या कण्याशेजारून खाली जाणाऱ्या महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीतून, एक स्वतंत्र रक्तवाहिनी निघून थेट त्या ठिपक्यात शिरत होती. निरोगी माणसाच्या फुप्फुसात अशी वाहिनी नसते. साध्या सीटीत औषध सोडलेले नसल्याने ती आजूबाजूच्या सुजेत मिसळून गेली होती आणि रिपोर्टात 'जुने व्रण' असे लिहून आले होते.

या दोषाला पल्मनरी सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. गर्भात फुप्फुस घडत असताना त्याचा एक तुकडा श्वासनलिकेच्या झाडाला नीट जोडला जात नाही आणि रक्तही फुप्फुसाच्या रोहिणीऐवजी महारोहिणीकडून घेतो. त्याच्या एका प्रकारात हा तुकडा स्वतःचे वेगळे आवरण घेऊन असतो आणि तो बहुधा बालपणीच लक्षात येतो. माझ्यात आढळलेला, अधिक प्रमाणात दिसणारा प्रकार फुप्फुसाच्या खालच्या खंडातच, बहुतेकदा डाव्या बाजूला, दडून बसतो. शेजारच्या वायुकोशांमधील बारीक छिद्रांतून हवा आणि जंतू आत शिरतात, पण कफ बाहेर पडायला सरळ वाट नसते. म्हणून माणूस विशीत किंवा तिशीत पोहोचल्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होऊ लागतो. कित्येकांना काहीच त्रास होत नाही आणि नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत एक्स-रे काढल्यावरच हा दोष अचानक कळतो. हे सगळे बाईंनी मला मराठीत, चित्र काढून, घड्याळाकडे न पाहता सांगितले.

सोबत माझी आई होती. तिने हळूच विचारले, "ही पोटात असताना ग्रहणात मी सुपारी कातरली होती, त्याचं तर नाही ना हे?" बाई हसल्या नाहीत. आईने काही केल्याने किंवा न केल्याने हे होत नाही, आणि ते सहसा वंशपरंपरेनेही येत नाही, असे त्यांनी आईचा हात धरून सांगितले. अडतीस वर्षे आईने ती सुपारी मनात धरून ठेवली होती, हे मला तेव्हा प्रथम कळले.

रिपोर्ट किती कामाचा होता, हे शल्यचिकित्सकांकडे गेल्यावर उमगले. ही जादा वाहिनी महारोहिणीच्या दाबाने रक्त वाहून नेते; शस्त्रक्रियेत ती नकळत कापली गेली, तर तिचे टोक मागे सरकून जाते आणि रक्तस्राव आवरणे अवघड होते. म्हणून ती कोठून निघते आणि किती जाड आहे, हे आधी माहीत असणे फार महत्त्वाचे असते. या दोन्ही गोष्टी रिपोर्टात मिलिमीटरसह लिहिलेल्या होत्या. फेब्रुवारीत नागपुरातच दुर्बिणीद्वारे माझ्या डाव्या फुप्फुसाचा खालचा खंड काढला गेला आणि काढलेल्या भागाच्या तपासणीत निदान पक्के ठरले.

आता तक्रारी. पहिली तक्रार गंभीर आहे. रिपोर्टाच्या मजकुरात सगळीकडे 'डावे' असे होते, परंतु शेवटच्या निष्कर्षात 'उजवे' असे छापून आले होते. मी रिक्षात बसून सहज वाचत होते म्हणून लक्षात आले. परत गेल्यावर वीस मिनिटांत दुरुस्त प्रत मिळाली आणि दिलगिरीही व्यक्त झाली, पण ज्या कागदावर विसंबून छाती उघडायची, त्यावरील ही चूक टंकलेखनाची म्हणून सोडून देता येत नाही. दुसरी तक्रार अशी की दहाची वेळ दिली असताना आत घेतले ते सव्वाबाराला. उपाशी रुग्णाला, त्यातही मधुमेह असणाऱ्याला, इतके ताटकळत ठेवणे योग्य नाही. सीडीही घरच्या संगणकावर उघडली नाही. ती शल्यचिकित्सकांकडे उघडली, एवढेच. पार्किंगबद्दल लिहीत नाही, कारण धंतोलीत गाडी लावायला जागा मागणे म्हणजे मे महिन्यात नागपुरात गारवा मागणे आहे. मेट्रोने यावे हे उत्तम.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा त्या 'उजव्या' शब्दाचा आहे. जुन्या प्लेटा परत मिळाल्या तेव्हा त्या साडीच्या पिशवीत नव्हत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर तारखेची चिठ्ठी लावून, क्रमाने, एका जाड खाकी पाकिटात घालून दिल्या होत्या.