लॅमिंग्टन रोडचं ‘१०० वॅट’ किट आणि डुप्लिकेट ५२००-१९४३ ची जोडी

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेतलेलं ‘१०० वॅट स्टिरिओ’ ॲम्प्लिफायर किट पहिल्या संध्याकाळी अर्धा तास व्यवस्थित वाजलं. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे नेला, तेव्हा डाव्या बाजूनं ‘धप्प’ असा आवाज आला. वूफरचा कोन पुढे येऊन तिथेच अडकला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. दुकानात गेल्यावर उत्तर तयार होतं: ‘सोल्डरिंग तुमचं, हीटसिंक तुम्ही लावलं. एकदा सोल्डर झालेला माल परत होत नाही.’

हा सगळा धंदा याच उत्तरावर चालतो. किट जळालं की बनवणारा आधी स्वतःच्या हाताला दोष देतो. मायका, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि उष्णता ओढणारं हीटसिंक यांच्यामधलं इन्सुलेशनचं पान, नीट बसली नसेल, कुठेतरी टिन पसरलं असेल, असं म्हणत तो त्याच दुकानातून तीच जोडी पुन्हा विकत घेतो. म्हणून पार्ट्स तपासायचे ते बोर्डावर चढवण्याआधी. नंतर तपासून कारण कळतं, पण पैसे परत मिळत नाहीत.

किटमध्ये होतं ते असं: दोन बोर्ड, प्रत्येकावर सी ५२०० आणि ए १९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरची एकेक जोडी, ३५-०-३५ व्होल्ट ४ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि १०,००० एमएफडी (मायक्रोफॅरड) ६३ व्होल्टचे दोन कपॅसिटर. कागदावर हिशोब चोख आहे. ३५ ला १.४१४ नं गुणलं की ४९.५, त्यातून डायोडचा ड्रॉप वजा केला की अधिक-उणे ४८ व्होल्टच्या आसपास; हीच रेल, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्याची लाइन. एवढ्यावर ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट मिळतात. खोट हिशोबात नव्हती, मालात होती.

आधी ट्रान्झिस्टर. तोशिबाचा अस्सल सी ५२०० हा २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा. डुप्लिकेटवरही तोच छाप, तेच मोठं पॅकेज. मल्टिमीटर डायोडवर ठेवला तर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर दोन्हीकडे तेच ०.५-०.६ व्होल्ट दिसतात. एचएफई, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा, तोसुद्धा ठीक येतो, कारण मीटर अगदी थोडा करंट सोडतो. इथेच बहुतेक लोक फसतात. मीटरवर पास झालेला ट्रान्झिस्टर ओरिजिनल आहे असं त्यातून अजिबात सिद्ध होत नाही.

जळालेला तुकडा व्हाइसमध्ये धरून, डोळ्यांवर चष्मा लावून, पक्कडीनं काळं आवरण फोडलं. तांब्याच्या जाड पट्टीवर मधोमध तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी चिप, तिला केसासारख्या दोन तारा, आणि चिपच्या एका कोपऱ्यात वितळून पडलेलं काळं भोक. अस्सल तुकड्यातली चिप हिच्या कित्येक पट मोठी असते, कारण उष्णता पट्टीत उतरायला तेवढी जागा लागते. इथे कुठल्यातरी लहान ट्रान्झिस्टरची चिप मोठ्या अंगरख्यात घातली होती.

आता ते निम्म्या व्हॉल्यूमलाच का गेलं? या किटसारख्या क्लास एबी ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण आवाजावर नव्हे, तर साधारण ४० टक्के पॉवरवर. ४८ व्होल्ट आणि ८ ओहम धरले तर तेव्हा एकेका ट्रान्झिस्टरवर ३० वॅटच्या आसपास उष्णता पडते, आणि खऱ्या स्पीकरवर क्षणाक्षणाला त्याहून बरीच जास्त. लहान चिपमध्ये ती एका ठिकाणी साचते आणि कलेक्टर-एमिटर शॉर्ट होतात. मग रेलचे ४८ व्होल्ट डीसी थेट व्हॉइस कॉइलवर, म्हणजे स्पीकरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीवर. किटमध्ये स्पीकर प्रोटेक्शनचा रिले नव्हता, रेलला फ्यूजही नव्हते. शंभर-दीडशेच्या पार्टपायी वूफर गेला.

बोर्डावर लावण्याआधीची आमची चाचणी अशी. १२ व्होल्टच्या दोन यूपीएस बॅटऱ्या सिरीजमध्ये, पॉझिटिव्हला ४ अँपिअरचा फ्यूज. सी ५२०० चा कलेक्टर फ्यूजनंतरच्या पॉझिटिव्हला, एमिटर १ ओहम १० वॅटच्या रेझिस्टरमधून निगेटिव्हला. बेसला त्याच पॉझिटिव्हवरून ३३० ओहम २ वॅट आणि त्याच्या सिरीजमध्ये २.२ किलोओहमचा वायरवाउंड पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर). ट्रान्झिस्टर किटच्याच हीटसिंकवर थर्मल कंपाउंड लावून घट्ट कसायचा, समोर पंखा. पॉट पूर्ण रेझिस्टन्सवर ठेवून सुरू करायचं आणि १ ओहमवर २.५ व्होल्ट दिसेपर्यंत हळूहळू फिरवायचा. म्हणजे अडीच अँपिअर, ट्रान्झिस्टरवर साधारण ५४ वॅट. तीन मिनिटं थांबायचं. गरम होताना करंट वर सरकतो, तो पॉटनं मागे आणत राहायचं. १५० वॅटच्या अस्सल तुकड्याला याचं काही वाटत नाही. आमच्या उरलेल्या जोडीतला सी ५२०० वीस सेकंदांत शॉर्ट झाला. ए १९४३ साठी बॅटरीची पोलॅरिटी उलटी करायची, बाकी सगळं तेच.

वजनाचा काटा असेल तर तोही वापरा. डेटाशीटमध्ये मूळ पॅकेजचं वजन ९.७५ ग्रॅम दिलंय. पण वजन बरोबर भरलं म्हणजे माल खरा, असं धरून चालू नका.

कपॅसिटरमध्ये तर सरळ सरळ चोरी होती. वरचं ‘१०,००० एमएफडी ६३ व्होल्ट’चं प्लास्टिक ब्लेडनं सोललं, तर आत दुसरं प्लास्टिक: ३,३०० एमएफडी, ५० व्होल्ट. मुंबईत लाइन २४५ पर्यंत चढली की ही रेल ५१ च्या वर जाते. ५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे आज ना उद्या फुगणारच. यासाठी वेगळं मीटर घ्यायची गरज नाही. कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज करा, १२ व्होल्टवरून १० किलोओहममधून चार्ज करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ७.६ व्होल्टला पोचायला १०० सेकंद लागले पाहिजेत. वीस टक्के इकडेतिकडे चालतं. आमचा ३४ सेकंदांत पोचला.

ट्रान्सफॉर्मर ॲल्युमिनियमचा निघाला. सेकंडरीच्या टोकाचं इनॅमल ब्लेडनं खरवडल्यावर तांबूस दिसलं म्हणून थांबू नका. जरा खोल ओरखडा काढा, आत पांढरी तार असेल तर वरचा फक्त तांब्याचा मुलामा आहे. करंट तपासायला गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे तीन हॅलोजन सिरीजमध्ये ३५ व्होल्टच्या एका भागावर लावा. साडेचार अँपिअरच्या जवळपास ओढतात. चांगला ट्रान्सफॉर्मर ३५ च्या आसपास टिकतो, आमचा २९ वर आला आणि पाच मिनिटांत हात लावता येईना.

छोट्या पार्ट्सचीही अदलाबदल होते. बोर्डावर बीसी ५४६ या छोट्या ट्रान्झिस्टरची जागा आणि पाकिटात टूएन ५५५१. पार्ट वाईट नाही, पण सपाट बाजू समोर धरली तर बीसीचे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि ५५५१ चे एमिटर-बेस-कलेक्टर. तसाच ठोकला तर आउटपुटला डीसी येतो.

म्हणून पहिल्यांदा सुरू करताना फेजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजला आणि स्पीकर काढलेला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं, लख्ख राहिला तर बंद करून शॉर्ट शोधायचा. आउटपुटला ५० मिलिव्होल्टच्या आत डीसी असेल तरच स्पीकर जोडायचा.

बिलाचं सांगायचं राहिलं. आमच्या बिलावर नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक गुड्स’ होतं, त्यामुळे काय विकलं हेच सिद्ध करता येईना. पार्ट नंबर आणि ब्रँड लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सोललेला कपॅसिटर, फोडलेला ट्रान्झिस्टर, दोन्हींचे फोटो बिलासोबत ठेवा.

‘सी ५२००, तोशिबा, ओरिजिनल’ एवढं बिलावर लिहून द्या म्हटलं, की काउंटरवरचा डबा आत जातो आणि वरच्या फळीवरून दुसरा डबा खाली उतरतो. त्यातल्या तुकड्याचा भाव तिप्पट असतो.