घरच्यांच्या आठवणी नोंदवताना: ध्वनिमुद्रण, चित्रीकरण की लेखी उत्तरे?

घरातील वडीलधाऱ्यांची जीवनकहाणी मुलाखतीतून नोंदवून ठेवायचे ठरले, की पहिला प्रश्न साधनाचा येतो. केवळ आवाज मुद्रित करावा, चित्रीकरण करावे, की प्रश्न पाठवून उत्तरे लिहून मागावीत? माहिती तिन्ही मार्गांनी मिळते. परंतु तोच माणूस तिन्ही ठिकाणी सारखा खुलत नाही, आणि यंत्राच्या गुणदोषांआधी हाच फरक पाहावा.

माझा कौल बहुतेक घरांसाठी ध्वनिमुद्रणाला आहे. टेबलावर ठेवलेल्या लहान यंत्राचा थोड्या वेळात विसर पडतो, चेहऱ्याची वा कपड्यांची काळजी उरत नाही, आणि बोलणाऱ्याची नजर समोरच्या माणसावर राहते. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या उपक्रमाची बांधणीही आवाजावरच झाली: एकमेकांना ओळखणारी दोन माणसे सुमारे ४० मिनिटे बोलतात आणि ते मुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केले जाते. साठवणुकीचा भारही हलका असतो. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दर्जाचे, एका मायक्रोफोनवरचे तासाभराचे असंपीडित, म्हणजे फाइलचा आकार न घटवलेले, मुद्रण साधारण अर्धा जीबी जागा घेते, तर फुल एचडी चित्रीकरणाच्या एका तासाला कित्येक जीबी लागतात.

चित्रीकरणाची बाजू मात्र एका बाबतीत निर्विवाद वरचढ आहे. जुना फोटो दाखवत ‘हा इथे उभा आहे तो’ असे कोणी म्हटले, किंवा एखादे काम हातांनी करून दाखवले, तर केवळ आवाजातून पुढच्या पिढीला काहीच कळणार नाही. म्हणून संपूर्ण मुलाखत कॅमेऱ्यासमोर घेण्यापेक्षा बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि फोटो, वस्तू, हस्तकौशल्य एवढ्यापुरते वेगळे चित्रीकरण करावे. ज्यांना कॅमेऱ्याचा संकोच मुळीच नाही, त्यांच्यासाठी अर्थातच हा भेद फारसा उरत नाही.

लेखी उत्तरे हा मार्ग ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, दूर राहणाऱ्यांसाठी किंवा विचार करून मोजके सांगणाऱ्यांसाठी योग्य ठरतो. त्यात उपप्रश्नाला वाव नसतो, ही त्याची मोठी उणीव आहे. ‘लग्नानंतर आम्ही शहरात आलो’ या वाक्यामागे काय दडले आहे, हे समोर बसलेला माणूसच त्या क्षणी विचारू शकतो.

साधनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक परिणाम प्रश्न विचारणाऱ्याच्या निवडीचा होतो. मुलगा किंवा मुलगी विचारत असेल, तर ‘तुला ठाऊकच आहे’ असे म्हणून अर्धा तपशील गाळला जातो, आणि जुन्या वादांची सावलीही पडते. परक्या माणसाला सर्व काही मुळापासून समजावून सांगावे लागते, त्यामुळे नोंद सविस्तर होते. मात्र घरातल्या गोष्टी त्याच्यापुढे झाकल्या जातात. नातवंडे या दोहोंच्या मध्ये बसतात: जिव्हाळा आहे, पण त्या काळाची माहिती नाही आणि जुन्या भांडणात बाजूही नाही.

दोन भावंडांना एकत्र बसवावे का, हा मोह पडतोच. एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करताना रंग भरतो हे खरे. पण आवाज एकमेकांवर चढतात, आणि ज्याचा स्वर मोठा त्याचीच हकिकत टिकते. आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे, एकत्र बैठक नंतर घ्यावी.

जन्मापासून क्रमाने विचारावे की विषयानुसार, यात मी विषयाच्या बाजूने आहे. उतारवयातील माणसांना साधारण १० ते ३० या वयातील आठवणी तुलनेने अधिक येतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार आढळले आहे. म्हणून सुरुवात तिथून करणे सोयीचे पडते. ‘घरात कोण कुठे झोपत असे?’ या प्रश्नाला जेवढे उत्तर मिळते, तेवढे ‘तुमचे बालपण कसे होते?’ याला क्वचितच मिळते. सन विचारत बसू नये. तो कागदपत्रांतून नंतर ताडता येतो.

शेवटचा निर्णय मूळ मुद्रण ठेवायचे की त्यावरून उतरवलेला मजकूर, हा आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचे, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतीतून नोंदवण्याचे, काम सुरू केले, तेव्हा मजकुरालाच खरा दस्तऐवज मानले जाई आणि सुरुवातीच्या काळात टेप पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यात बोलण्याचा ढंग गेला. आज जागेची अडचण नसल्याने मूळ फाइल ठेवावीच. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरवायला चार तासांहून अधिक वेळ सहज जातो आणि स्वयंचलित साधने बोलीतले शब्द व माणसांची नावे चुकवतात, त्यामुळे ज्यांना एवढी सवड नाही त्यांनी कोणत्या मिनिटाला कोणता विषय आला याची सूची तरी करावी. मुद्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एखादा भाग आपल्या हयातीत कोणाला ऐकवू नये असे सांगणाऱ्याने म्हटले, तर तो वेगळ्या फाइलमध्ये काढून त्यावर तशी स्पष्ट नोंद करावी.