चाळीस बाटल्या आणि एक वायसर: आठ महिन्यांनंतर

गेल्या शनिवारी स्वयंपाकघराचं छत पुसलं. घरच्या गव्हाच्या बिअरची बाटली उघडली, फट्ट आवाज झाला आणि अर्ध्या लिटरातले जेमतेम दोन घोट आत उरले. चव आंबट, ताकाच्या वाटेला लागलेली. पाचव्या खेपेतल्या चाळीसपैकी सहा बाटल्या अशा निघाल्या, बाकी चौतीस झकास. म्हणजे पिंप नासलेलं नव्हतं. घोळ बाटल्यांत होता.

मी म्युनिकमध्ये राहतो. इथे साध्या बुचाच्या बिअरच्या बाटलीचं डिपॉझिट ८ सेंट, तारेने आवळायच्या, रबरी वायसर लावलेल्या झाकणवालीचं १५. तीच बाटली नवी, रिकामी घ्यायला गेलं तर युरोच्या वर जाते. मग बिअर प्यायची, १५ सेंटवर पाणी सोडायचं आणि बाटली ठेवून घ्यायची. बुचं ठोकायचं यंत्रही वाचतं.

धुण्याचं फार सांगत नाही. परकार्बोनेट (डाग काढायची पावडर) गरम पाण्यात, रात्रभर. सकाळी लेबलं तरंगत असतात, चंदेरी कागदवाली मात्र खरवडावी लागतात. इथलं पाणी जड, काचेवर पांढरी पुटं चढतात, ती लिंबूफुलाने जातात. मग लिटरभर पाण्याला दीड मिली स्टार सॅन (आम्लाचं, न धुता चालणारं सॅनिटायझर), दोन मिनिटं, आणि फेसासकट बिअर भरायची. पहिल्या दोन खेपांना तो फेस बघून जीव घाबरला आणि मी बाटल्या परत नळाखाली धरल्या. निर्जंतुक करून पुन्हा नळाचं पाणी! जड पाण्यात स्टार सॅनचं द्रावण गढूळही होतं, म्हणून आता इस्त्रीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी घेतो. पीएच ३ च्या खाली आहे तोवर तेच द्रावण पुन्हा वापरतो.

खरं तर हा अनुभव स्टार सॅनच्या नावाने खडे फोडायला लिहायला घेतला होता. पण पट्टी बुडवली तर पीएच व्यवस्थित. मग रविवारी आईचा फोन आला. काचेच्या बाटल्यांत केलेलं आंबतंय एवढंच सांगितलं, काय केलंय ते नाही. ती म्हणाली, "अरे, कुकरची रिंग काढून घासतोस ना? मग याची काढलीस का?"

नव्हती काढली. आठ महिन्यांत एकदाही नाही.

सुरीच्या बोथट बाजूने पहिलं वायसर उचकटलं. रबर आणि चिनीमातीच्या बुचाच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत कडं. मागच्या चार बिअरींचा वास एकत्र. बाटली आतून आरशासारखी आणि झाकणाखाली ही गटार! बुरसट घाणीच्या आत सॅनिटायझर पोचतच नाही. तिथलं जंगली यीस्ट आपल्या यीस्टने न खाता सोडलेली साखरही खातं, म्हणून दाब आठवड्यागणिक चढत जातो. चाळीसच्या चाळीस वायसरं काढली. एकतीस घाण, नऊ चिरलेली. चिरलेली तरी फ्रीझरमध्ये ठेवून बघितली, कुकरच्या सैल रिंगेला करतात तसं. काही उपयोग नाही, हसू नका.

नवी मागवली तर पहिलं पाकीट कडक निघालं, गॅस सुटायचा. दुकानाचं उत्तर: ही साठवणीच्या बरण्यांनाही चालतात. परत पाठवायचं टपाल मालापेक्षा महाग, म्हणून पाकीट तसंच पडलंय. दुसरीकडून मऊ, लाल आणली, शंभर नग, दहा युरोच्या आत.

आता दर खेपेला वायसरं काढून दहा मिनिटं उकळायची, स्टार सॅनमध्ये टाकायची, ओल्या हाताने बसवायची. चाळीसना वीस मिनिटं लागतात आणि अंगठ्याचं नख दुखतं. बिअर संपली की बाटली तिथल्या तिथे तीनदा विसळायची, हा नियम मित्रांनाही. पाळला नाही तर पुढची बाटली नाही.

सहाव्या खेपेतल्या अकरा उघडून झाल्या, एकही उसळली नाही. पाचव्या खेपेतल्या त्या सहांपैकी दोन बाटल्यांच्या तोंडाला टवका उडालेला दिसला. त्या दुकानातल्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनमध्ये घातल्या, ३० सेंट परत आले.