सुई छान, जिना भयंकर

या लसीकरणाच्या क्लिनिकला चार स्टार देतेय, पाचवा लिफ्टने खाल्ला.

मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, वय ५२, त्यावर रिटुक्सिमॅब हे औषध चालू आहे, दर सहा महिन्यांनी अ‍ॅडमिट होऊन सलाइनमधून घ्यावं लागतं. न्यूरोलॉजिस्टनी नागिणीची आणि फ्लूची लस घ्या म्हणून सांगितलेलं, पण घराजवळचे डॉक्टर म्हणाले कशाला उगाच, एमएसचा अटॅक येईल, म्हणजे आजार एकदम उसळेल, आणि त्या भीतीत दोन वर्षं गेली. नंतर कळलं की जिवंत विषाणू नसलेल्या लसीने एमएसचा अटॅक येतो असं काही दिसलेलं नाही.

इथल्या मॅडमनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला, शेवटचं इन्फ्युजन (सलाइनमधून औषध) कधी झालं आणि पुढचं कधी आहे? तिथेच माझा जीव भांड्यात पडला. हे औषध बी सेल्स नावाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उडवतं ना, आणि अँटिबॉडीज बनायला त्याच लागतात, मग इन्फ्युजननंतर लगेच टोचून घेतली तर पैसे पाण्यात. माझं डिसेंबरात झालेलं, पुढचं जूनच्या मध्यावर, म्हणून शिंग्रिक्सचा, म्हणजे नागिणीच्या लसीचा, पहिला डोस एप्रिलात, दुसरा मेच्या सुरुवातीला आणि त्याच दिवशी दुसऱ्या दंडात फ्लूची, पावसाळ्याच्या आत. दुसरा डोस एरवी दोन ते सहा महिन्यांनी असतो पण औषधाने प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माझ्यासारख्यांना एक-दोन महिन्यांतही देतात म्हणे. एका डोसला दहा हजाराच्या वर जातात, इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले.

ह्यांना केनियाला जायची फार हौस, पण यलो फिव्हरची लस जिवंत विषाणूची, ती तुम्हाला नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आता सफारी ताडोबालाच.

पहिल्या डोसच्या रात्री ताप आला आणि डावा पाय परत लाकडासारखा जड, मी घाबरलेच. पण ताप चढला की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाय ठिकाणावर.

आता लिफ्ट. दोन्ही वेळा बंद! दुसरा मजला, काठी घेऊन, मे महिन्याचं ऊन, वर पोचेपर्यंत डोळ्यापुढे धुरकट. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, काकू, बसा ना. अगं, बसायला आधी वर यायला नको का? निघण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा, हो म्हणाले तरी खाली पोचल्यावर परत विचारा.