सेडेशनसाठी पेशंटची तपासणी: त्याच दिवशी की आधी वेगळ्या भेटीत?

दातांच्या दवाखान्यात सेडेशन, म्हणजे घाबरणाऱ्या पेशंटला औषधाने शांत, गुंगीत ठेवणं, सुरू करायचं म्हटलं की औषध कोणतं आणि मशीन कोणतं यावर भरपूर बोललं जातं. पेशंट त्यासाठी योग्य आहे का, हे नेमकं कधी पाहायचं यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. काही जण उपचाराच्या दिवशीच तपासून लगेच काम सुरू करतात, काही जण आधी वेगळी भेट ठेवतात. मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे.

त्याच दिवशीच्या तपासणीची बाजू लंगडी नाही. जो माणूस दवाखान्याच्या पायरीपर्यंत कसाबसा पोचतो, त्याला ‘आज फक्त बोलू, पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं तर तो परत येईलच असं नाही. दाढ ठणकत असेल तर थांबण्याइतका वेळही नसतो. एरवी ठणठणीत असलेल्या पेशंटला नुसतं नायट्रस (नाकावाटे हुंगायला द्यायचा, शांत करणारा वायू) द्यायचं असेल तर विचारायचंही मोजकंच असतं. नाक मोकळं आहे का, गरोदरपणाचे पहिले तीन महिने नाहीत ना, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये नुकताच गॅस भरलेला नाही ना, बी-१२ कमी नाही ना. सर्दी तर त्या दिवशीच कळणार. अशा पेशंटचं काम मी अजूनही एकाच भेटीत करतो.

शिरेतून मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध द्यायचं असेल तेव्हा माझं मत बदलतं, आणि त्याला कारण एकच. त्या दिवशी ‘आज नको’ म्हणणं सगळ्यांनाच फार जड जातं. पेशंट उपाशीपोटी आलेला असतो, रजा टाकलेली असते, सोबतचा माणूस कामधंदा सोडून बाहेर बसलेला असतो. त्याला विचारा, घोरता का? नाही. जिना चढताना दम लागतो? नाही. काही गोळ्या चालू आहेत? नाही. तो मुद्दाम लपवत नसतो. धीर एकवटून आलाय, तर एकदाचं उरकावं एवढंच त्याच्या मनात असतं. आपल्याही मनात थोडंफार तेच असतं. बीपी १५८/९६ दिसलं की ‘घाबरलाय म्हणून असेल’ असं वाटतं. असेलही. पण त्याचं एरवीचं बीपी किती, हे ताडून पाहायला आपल्या हाती काहीच नसतं.

घाई नसलेल्या भेटीत तेच प्रश्न विचारले की वेगळी उत्तरं येतात. या भेटीला मी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणायला सांगतो. एका काकांनी फॉर्मवर ‘आजार नाही’वर खूण केली होती. पिशवीतून निघाली डिल्टियाझेम या बीपीच्या गोळीची स्ट्रिप, आणि छातीतल्या कफासाठी नुकतंच सुरू झालेलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. “बीपी होतं, आता गोळीने नॉर्मल आहे ना,” असं त्यांचं म्हणणं. मिडाझोलॅमचा निचरा यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे होतो, त्यालाच ही दोन्ही औषधं अडवतात. नेहमीचा डोस जास्त चढतो आणि उतरायलाही वेळ लागतो. त्यांच्या फिजिशियनला फोन केला आणि काम पुढे ढकललं. त्यांचं काहीच बिघडलं नाही, कारण त्या दिवशी ते जेवूनच आले होते.

घोरण्याचंही तसंच आहे. झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा धोका ओळखणाऱ्या स्टॉप-बँग या प्रश्नावलीच्या आठ प्रश्नांपैकी एक म्हणजे झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का. हे पेशंट स्वतः कसं सांगणार? शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं, आणि बायको समोर बसलेली असली की ती लगेच सांगते. पाच किंवा जास्त ‘हो’ आले, किंवा एएसए या तब्येतीच्या वर्गवारीत (वर्ग जितका वरचा, तितका आजार गंभीर) वर्ग तीनच्या पुढचा पेशंट असला, तर मी दवाखान्यात सेडेशन देत नाही. भूलतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलकडे पाठवतो. आजार स्थिर असलेल्या वर्ग तीनच्या पेशंटबद्दलही आधी भूलतज्ज्ञांना विचारतो.

या भेटीतून उलटंही निष्पन्न होतं. भीतीच्या पाच प्रश्नांच्या मापनात, म्हणजे एमडीएएसमध्ये, २५ पैकी १९ किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र भीती. पण गुणांपलीकडे नीट बोललं की काहींची भीती फक्त सुईची निघते. बधिरतेचं जेल आणि सावकाश दिलेलं इंजेक्शन त्यांना पुरतं.

वेगळ्या भेटीला वेळ जातो हे खरंच. शिवाय उपचाराच्या दिवशी ताप, सर्दी, नवीन औषध हे पुन्हा विचारावंच लागतं. पेशंट परत येणार नाहीत ही धास्ती मलाही होती, पण पहिली भेट खुर्चीत न घेता टेबलाशी बसून घेतली तर बहुतेक जण येतात, असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे लांबून येणारे पेशंट जास्त असतील तर निदान आदल्या आठवड्यात फोनवर, हातात स्ट्रिप घेऊन नावं वाचायला सांगा. बीपी मात्र फोनवर मोजता येत नाही.

आणि सोबत कोण येणार, रात्री घरी कोण थांबणार, हे तेव्हाच नावानिशी लिहून घ्या. जो एकटा राहतो किंवा ज्याच्यावर घरी तान्ह्या मुलाची जबाबदारी आहे, त्याची सोय होईपर्यंत मी शिरेतलं सेडेशन थांबवतो आणि जमत असेल तर नायट्रसवर काम करतो.