जे-पाऊच की कायमची इलिओस्टोमी?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) मोठं आतडं काढायची वेळ आली की इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून लावलेली पिशवी, नको म्हणून बरेच जण जे-पाऊचकडे झुकतात. खुशाल झुका, पण पुढचं दुखणं आधी समजून घ्या.

पाऊचमध्ये लहान आतड्याच्या टोकाची टाकी करून ती गुदद्वाराशी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ साली अशा पाऊचची मूळ पद्धत मांडली; इंग्रजी J सारखा आकार नंतर आला. हे सहसा दोन-तीन ऑपरेशनांत होतं, त्यामुळे मधले काही महिने पिशवी बहुधा लागतेच!

मुख्य त्रास पाऊचायटिसचा, म्हणजे टाकीला येणाऱ्या सुजेचा. जवळपास निम्म्या रुग्णांना ती कधी ना कधी गाठते. सारखं संडासला पळावं लागतं, पोटात कळ येते, कधी अंगात कणकण असते. बहुतेकदा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या दोन आठवड्यांच्या कोर्सने भागतं. काहींची सूज मात्र ठाण मांडून बसते, मग बायोलॉजिक औषधांपर्यंत (प्रतिकारशक्तीवर काम करून सूज आवरणारी औषधं) जावं लागतं. शिवाय सगळं सुरळीत असतानाही दिवसाला ५-६ वेळा आणि रात्री एखाददा उठणं धरूनच चाला. जोडावर गळती होऊन ओटीपोटात पू झाला तर पाऊच कायमचा बिघडू शकतो. काहींना शेवटी पाऊच सोडून इलिओस्टोमीवर यावं लागतं.

इलिओस्टोमीत पाऊचायटिसचा प्रश्नच नाही. इथे छळतात ते स्टोमाभोवतीची (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीची) सोललेली त्वचा, हर्निया आणि पाणी कमी होणं. उन्हाळ्यात ओआरएस हाताशी हवंच. बरंचसं स्टोमाच्या जागेवर ठरतं. ऑपरेशनआधी नर्सने तुम्हाला बसवून, वाकवून, पँटचा पट्टा किंवा साडीच्या निऱ्या कुठे येतात ते बघून पेनने खूण करायला हवी. ती केली नाही तर आपण होऊन मागा. आतडं अडकण्याची भीती दोन्हीकडे आहे.

मूल हवं असलेल्या स्त्रीने माझ्या मते पाऊचची घाई करू नये. ओटीपोटातल्या ऑपरेशनने गर्भधारणा अवघड होऊ शकते. दुर्बिणीतून केल्यास धोका कमी दिसतो. गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) तूर्त ठेवून नुसती इलिओस्टोमी केली तर पाऊचचा मार्ग नंतरही खुला राहतो. गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढलं की तो बंद. गुदद्वाराचे स्नायू ढिले असतील किंवा क्रोन्सचा (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) संशय असेल तर मी इलिओस्टोमीच म्हणेन.

सर्जनला एक थेट विचारा: वर्षाला किती पाऊच करता? उत्तर टाळलं तर दुसरीकडे दाखवा.